हबशी सरदार आणि मोरपंखी खण

मी काळा आहे. सावळा नाही, गव्हाळ नाही, निमगोरा तर नाहीच नाही. लग्न जुळवणारी माणसं मुलाच्या रंगाबद्दल जी गोड खोटी भाषा बोलतात, ती माझ्यापुढे येऊन थकायची. ‘मुलगा नोकरीवाला आहे’ एवढं सांगून ते प्यायला पाणी मागायचे. आता केस पांढरे झाल्यामुळे मी आणखीच काळा दिसतो, आणि मला त्याची मजा वाटते. पंचविशीत वाटत नव्हती. तेव्हा चार माणसं कशावरही हसली, तरी ती माझ्यावरच हसली असं मी धरून चालायचो, आणि अर्ध्या वेळा ते खरंही निघायचं.

मी देऊळगाव राजाला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकारात होतं, आणि आमच्या गावाबाहेर थोडं चाललं की निजामाची हद्द लागायची. दिवसभर बैलांचे सुजलेले खांदे आणि म्हशींची कासं पाहायची, आणि संध्याकाळी हात धुऊन नाटक मंडळात जायचं, हा माझा क्रम होता. मंडळात चार वर्षांत मी दोनदा राक्षस, एकदा दरोडेखोर आणि तीनदा यमदूत झालो होतो. ‘याले रंगवा लागत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की कुणी तोंड उघडायच्या आत मीच ते म्हणून टाकायचो.

मंडळ चालवायचे एक वकील. नागपूरला शिकत असताना त्यांनी एक जुनं इंग्रजी शोकांत नाटक वाचलं होतं आणि ते मराठीत आणायचंच असं मनात घेतलं होतं. त्यांनी गोष्ट दक्षिणेतल्या एका दरबारात आणली. एक शूर हबशी सरदार असतो. प्रधानाची गोरी मुलगी बापाच्या मनाविरुद्ध त्याच्याशी लग्न करते. बाप भर दरबारात ओरडतो, की माझ्या मुलीवर करणी केली, नाहीतर असल्या काळ्याच्या गळ्यात ती माळ घालतीच कशाला. सरदाराच्या हाताखालच्या एका माणसाला बढती मिळत नाही. तो चिडतो आणि सरदाराच्या कानाला लागतो: तुझी बायको दुसऱ्याची झाली. पुराव्याला सरदारानंच तिला दिलेली एक वस्तू परक्या पुरुषाच्या घरी सापडते. सरदार बायकोचा गळा दाबतो, आणि मागून कळतं की ती बिचारी निर्दोष होती.

मूळ नाटकात ती वस्तू म्हणजे रुमाल. वकील म्हणाले, आपल्याकडे बायकोला रुमाल कोण देतो? रुमाल लागतो दलालांना, त्याखाली बोटं दाबून भाव ठरवायला. म्हणून त्यांनी रुमालाऐवजी चोळीचा खण घातला. ही सुधारणा आम्हा सगळ्या पुरुषांना फार पसंत पडली.

आता वाटेल, नायक काळा म्हटल्यावर काम मलाच मिळालं असणार. कसलं काय! आमच्यात एक कापसाचा दलाल होता. गोरापान, आवाज खणखणीत, प्रत्येक नाटकात तोच राजा. तो म्हणाला, “सरदार म्या करतो. तोंडाले काजळ लावतो, हाय काय अन् नाही काय. हा सरदार हाय बाप्पा, यमदूत नाही.” सगळ्यांनी माना हलवल्या. काळ्या माणसाचं मोठेपण दाखवायचं, तर तेही गोऱ्याच माणसानं दाखवायचं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. खरं सांगतो, मलाही वाटलं नाही. वकील मात्र वहीतून मान वर न करता म्हणाले, “मला घामानं न उतरणारा काळा पाहिजे.” आणि काम माझ्याकडे आलं. दलालाला त्यांनी कान भरणाऱ्याचं काम दिलं. तो हसला, पण त्याचं हसू मला आवडलं नव्हतं.

सरदाराच्या बायकोचं काम शाळेतल्या एका तरुण मास्तरांकडे होतं. नाजूक चणीचे, गोरे, आवाज मऊ. पण लुगडं नेसून चालायला लागले की खांद्यावर नांगर घेतल्यासारखे दिसायचे. मीच त्यांना म्हणालो, “माझ्या घरी जा दुपारचे. माझी बायको शिकवील.” हे मी म्हणालो, दुसरं कुणी नाही.

माझी बायको उंद्रीची. लग्नाला आठ महिने झाले होते. ती गोरी आहे, आणि हे मी नवरा म्हणून सांगत नाही, तेव्हा अख्ख्या गावानं मला ते सांगितलं होतं. लग्नाच्या मांडवात तिची मामी दुसऱ्या बाईला म्हणाली होती, “पोरगी पाह्य अन् पोरगा पाह्य व माय!” मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी तेव्हापासून मनाशी एक हिशेब पक्का करून टाकला होता, की सासऱ्यानं माझी सरकारी नोकरी पाहून मुलगी दिली आणि मुलीला कुणी विचारलंच नाही. त्यामुळे तिनं चहा हसून दिला तरी मला वाटायचं, मन मारून हसते आहे.

तिला मी पहिली वस्तू दिली ती जालन्याहून, दलालाबरोबर गेलो असताना आणलेला खण. मोरपंखी, तांबड्या काठाचा. तिनं तो घडी मोडू न देता पेटीत ठेवला. मी दोनदा म्हटलं, शिवून घे. ती म्हणाली, “राहू द्या. काही चांगलं कार्य निघालं म्हंजे काढू.” ते उत्तर मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

तालमी सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील. परतताना दलाल माझ्याबरोबर चालत होता. म्हणाला, “मास्तर आजकाल लय झोकात चालून राह्यला बे.”

“हाव, शिकला.”

“शिकन नाही त काय. रोज दुपारी शिकवणी हाय.” आणि त्यानं विडी पेटवली.

दोन दिवसांनी पुन्हा. “तुले राग येनार नाही ना? नाही, जाऊ दे.”

“बोल ना बे, काऊन थांबला?”

“काही नाही. गोऱ्याले गोरं पाहून बरं वाटते, एवढंच. त्यात तुहा काय दोष?”

अर्ध्या तासापूर्वी तालमीत तो मला जवळपास असंच काहीतरी ऐकवत होता, आणि तिथे मी मनातल्या मनात त्या सरदाराला अक्कलशून्य म्हणत होतो. रस्त्यावर आल्यावर तेच बोलणं मी गिळलं. कारण सोपं आहे. दलालानं माझ्या डोक्यात नवीन काही घातलंच नव्हतं. मामीनं मांडवात जे सांगितलं, शाळेतल्या पोरांनी जे सांगितलं, तेच त्यानं पुन्हा सांगितलं, आणि मी ते आधीच खरं मानून बसलो होतो.

मग एक दिवस तो म्हणाला, “शिंप्याकडे चक्कर मारून ये. तुहा अंगरखा झाला का पाह्य.” एवढंच.

नाटकाचे कपडे शिवायचे एक म्हातारे मुसलमान शिंपी. मी गेलो तर त्यांच्या मशीनवर मोरपंखी खण होता, तांबड्या काठाचा. विचारलं, “चाचा, हे कोनाचं?”

“मास्तरसाब की चोली है, नाटक की. कपडा खुद लाए.” ते काठ जुळवण्यात गुंग होते, त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी येऊन, ती पाण्याला गेली असताना, मी चोरासारखी पेटी उघडली. खण नव्हता.

त्या संध्याकाळच्या तालमीत मास्तरांचा गळा मी खरोखरच दाबला. त्यांचे डोळे पांढरे झाले तेव्हा कुठे मला भान आलं. वकील खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागले, “शाब्बास! हेच पाहिजे होतं मला!” मास्तर दोन दिवस मध चाटत होते, आणि वर मलाच म्हणत होते, “तुमचं काम लय मस्त होऊन राह्यलं हो.” त्यांच्या या भलेपणाचा मला आणखी संताप आला.

बायकोला मी काही विचारलं नाही. विचारावं असं मनातही आलं नाही. म्हणालो, “सोमवारच्या मोटारीनं माहेरी जाऊन ये. चार दिवस.” तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तिनं आईसाठी शेवयांचा डबा भरला, धाकट्या बहिणीसाठी बांगड्या बांधून ठेवल्या, शेजारणीला जाऊन सांगून आली. तिच्या लेखी ते चार दिवस होते. मी तिला आणायला जाणारच नव्हतो. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. तिला कुणी काही विचारत नाही, काहीतरी केलंच असेल असं सगळे आपापल्या घरी बसून ठरवतात. जन्मभर भावाच्या चुलीपुढे बसणं तिच्या वाट्याला येणार होतं, आणि हे कळत असूनही मी तिला मोटारीत बसवणार होतो. आज हे लिहिताना माझीच मला शरम वाटते.

पहिला खेळ शनिवारी दुपारी, बाजाराच्या दिवशी, फक्त बायकांसाठी होता. पुरुषांचा खेळ दुसऱ्या दिवशी. कापसाचा हंगाम संपल्यामुळे जिनाचं गोदाम रिकामं होतं, तिथे आम्ही तक्तपोस जोडून रंगमंच केला होता. बाया खच्चून भरल्या. वकिलांच्या नात्यातल्या काहीजणी मोताळ्याहून छकडे करून आल्या होत्या. माझी बायको चौथ्या-पाचव्या ओळीत शेजारणीजवळ होती. अगदी पुढे एक म्हातारी, मांडीवर पानाची चंची, जणू तिच्याच घरचं कार्य.

सुरुवातीपासूनच बाया माझ्या बाजूच्या झाल्या. प्रधान करणीचं बोलायला लागला तसं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “काया हाय त काय झालं? किती उमदा दिसते!” उभ्या जन्मात मला कुणी उमदा म्हटलं नव्हतं. दलाल कानात कुजबुजायला लागला की गोदामभर बोटं मोडल्याचा आवाज यायचा. एकीनं तर त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो बिचारा घामाघूम झाला होता.

आणि तो प्रवेश आला. मास्तर पलंगावर बसलेले, अंगात मोरपंखी चोळी. माझ्या हातात नाटकातला लाल खण. मी गरजलो, “सांग, हा खण त्या परपुरुषाच्या घरी कसा गेला?”

मास्तर हात जोडून म्हणाले, “मला ठाऊक नाही, नाथ.”

“अवं, ओटीत गेला असन!” पुढची म्हातारी म्हणाली.

गोदाम हसलं. मी वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी जोरात. तर मागून दुसरी, “खन कधी एका घरी राह्यते का बाप्पा? माह्या लग्नातला खन सात घरं हिंडून माह्याच ओटीत आला होता!” मग काय विचारता! कुणाचा खण कुठे गेला आणि कुठून परत आला, याच्या गोष्टी सुरू झाल्या. घरी सवाष्ण आली की तिची ओटी भरायची, हाताशी असेल तो खण नारळ-तांदळांबरोबर तिला द्यायचा, तिनं तो पुढच्या घरी द्यायचा, हे तिथल्या शेंबड्या पोरीलाही माहीत होतं. फक्त नाटक मंडळाला माहीत नव्हतं. आमच्या वकिलांनी नागपूरला कायदा शिकून जो पुरावा शोधला होता, तो या बायांनी सुपारी फोडता फोडता उडवून लावला.

म्हातारी तेवढ्यावर थांबली नाही. ती गुडघ्यांवर हात देऊन उठली, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, “अन् काय रे, तिले इचारलं का तू? का त्या मेल्याचंच आयकून राह्यला?”

ती सरदाराशी बोलत होती. मला एक अक्षर आठवेना.

पडद्याआडून वकील दात-ओठ खात म्हणत होते, “गळा! गळा दाब!” मी पलंगाजवळ गेलो, मास्तरांच्या गळ्याला हात लावले, पण दाबले नाहीत. मास्तर डोळे मिटून हळूच म्हणाले, “दाबा ना.”

मी वाकून कुजबुजलो, “हा खण तुम्ही कुठून आणला?”

“कोनता? चोळीचा? माह्या बहिनीनं, अक्कानं देल्ला.” मास्तर मरता मरता सांगत होते. “सातवा लागला ना तिले. तुमच्याच घरी ओटी भरली की तिची. तुमाले म्हाईत नाही?”

“मग तुम्ही काऊन घातला?”

“तिले सध्या होत नाही अंगात. म्हणे आंधी तू घाल, बाळंतपण झालं का उसवून घेईन. म्या मेलो का आता?”

“मेला,” मी म्हणालो.

मास्तरांच्या मरण्यावर बाया रडल्या खऱ्या, पण माझ्यासाठी कुणी टिपूस काढलं नाही. शेवटी सरदार स्वतःला खंजीर मारून घेतो, तेव्हा म्हातारी “आता काय फायदा?” म्हणून चंची आवरायला लागली. आत येऊन वकील डोकं धरून बसले, आणि दुसऱ्या दिवसाच्या खेळासाठी त्यांनी तिथल्या तिथे खणाची अंगठी केली. दलाल माझ्या नजरेला नजर देत नव्हता. मी त्याला एवढंच म्हणालो, “तुहं काम चांगलं झालं. घरीदारी सगळीकडेच.” पुढे वर्षानुवर्षं आम्ही एकत्र कामं केली, त्याच्या पोराच्या लग्नात मी जिलब्याही खाल्ल्या, पण त्याच्याबरोबर घरापर्यंत कधी चालत गेलो नाही.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं नव्हतं. बायको आधीच पोचली होती, आणि म्हातारीची आठवण काढून हसत होती. मी तिला सगळं सांगितलं. दलाल, शिंपी, पेटी, सोमवारची मोटार, सगळं. कसं सांगितलं ते आठवत नाही. तिचं हसू कुठे थांबलं तेवढं आठवतं.

ती म्हणाली, “त्या बाईचं दोन डाव पोट वाया गेलं होतं. हे तिसरं. घरात तोच एक चांगला खन होता.” आणि मग, “म्हंजे तुमी मले आनायले येनारच नव्हते?”

“नव्हतो,” मी म्हणालो. ती रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. तिनं शेवयांचा डबा उघडून पाहिला, पुन्हा बंद केला. म्हणाली, “मी सोमवारी जाईन. चौथ्या दिवशी या. नाही आले त मी समजून घेईन.”

सोमवारी मोटार गेली. ते दोन दिवस माझे कसे गेले ते बैलांना ठाऊक. चुकीच्या खांद्याला औषध लावलं मी. टाकणारा मी होतो, आणि आता टाकला गेल्यासारखा दारात उभा राहायचो. तिसऱ्या दिवशीच रजा टाकून मी उंद्रीला गेलो.

ती अंगणात धान्य पाखडत होती. मला बघून म्हणाली, “आज तिसराच दिवस हाय.” आणि सूप खाली ठेवलं नाही. सासू मात्र लगबगीनं चहा ठेवायला आत गेली. मी खाटेवर बसून राहिलो. संध्याकाळी ती गोठ्यात चारा टाकायला निघाली, तशी म्हणाली, “या इकडे.”

गोठ्यात शिरल्यावर तिनं कोपऱ्यातल्या एका गाईकडे हात केला. “इले वळखलं का?”

मी ओळखलं नाही. मी कितीतरी गोठे, कितीतरी गायी पाहिल्या होत्या.

“परसालच्या परसाल. वासरू आडवं आलं होतं. तुमी आल्ते दवाखान्यातून. खांद्यापावतर हात आत, अंगभर घान, अन् तुमी तिच्याशी बोलून राह्यले होते. ‘झालं माय, झालं, थोडंसं राह्यलं.’ मी त्या दाराआड उभी होती.” ती गाईच्या पाठीवरून हात फिरवत होती, माझ्याकडे पाहत नव्हती. “मंग स्थळ आलं. बाबानं मले इचारलं, पोरगा लय काया हाय, पाह्य. म्या म्हनलं, पाह्यला हाय. मामी बोलली म्हून त्यायनं आखीन एक डाव इचारलं. म्या दोन्ही डाव हाव म्हनलं.”

मी तिथेच गव्हाणीच्या कडेवर बसलो आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिनं चारा टाकला, पाण्याची बादली भरून ठेवली, आणि मग माझ्या शेजारी येऊन बसली.